दाते नसलेला पाना 'बिनकामाचा' नाही : एक खुलासा

आपल्या लातूरच्या प्लंबर मंडळींच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय : "सपाट जबड्याचा पाना घसरतो, नळ गळका राहतो. प्रत्येक फिटिंगला दातेरी पाईप पानाच वापरा."

अर्धी गोष्ट खरी आहे. गोल जीआय (जस्त चढवलेल्या लोखंडी) पाईपला पकडायला कोपराच नसतो, तिथं दाते रुतल्याशिवाय पाईप फिरत नाही. पण नळाचा, अँगल कॉकचा, शॉवरचा नट षटकोनी असतो. त्याला सपाट जबडे दोन बाजूंनी पूर्ण टेकतात. दातेरी पाना तिथं क्रोम खरवडतो, खालचं पितळ उघडं पडतं आणि नटाचे कोपरे झिजतात. पुढच्या वेळी तोच नट कुठल्याच पान्याला दाद देत नाही, त्यात बोअरच्या क्षाराच्या पाण्यानं तो जाम झालेला असला तर विचारूच नका. सुरुवातीच्या काळात मीही एका गिऱ्हाईकाचा नवा कोरा मिक्सर (गरम-गार पाण्याचा नळ) असाच ओरखडून ठेवला होता. भरून द्यावा लागला.

सपाट जबड्याचा पाना, म्हणजे स्क्रू पाना, घसरतो तो बहुतेक वेळा ढिला लावल्यामुळं. जबडा नटाला घट्ट भिडवा आणि जोर सरकत्या जबड्याच्या दिशेनं द्या.

राहिली गळती. कनेक्शन पाईपच्या नटात पाणी रबरी वायसर अडवतो, आट्यांच्या सांध्यात टेफ्लॉन टेप. पान्याच्या दात्यांचा त्याच्याशी संबंध नाही. उलट जास्त आवळलं की वायसर चिरडतो. २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलेल्या आपल्या गावात गळतीची काळजी रास्तच आहे, पण उपाय हा नव्हे.

मेसेज टाकणाऱ्या भावाचा हेतू चांगलाच असणार. तरी तो पुढं पाठवू नका. पाठवला असेल तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.