निकालाच्या यादीतली शेवटची शाळा

आज २०२५ च्या दहावीचा निकाल लागला. राज्याचा निकाल ९४.१० टक्के, आणि कोकण विभाग नेहमीप्रमाणे सर्वांच्या पुढे, ९८.८२ टक्क्यांवर. संध्याकाळपर्यंत आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटावर परिसरातील शाळांच्या निकालांची यादी फिरू लागली. सर्वांत वर शंभर टक्केवाल्या शाळा होत्या, आणि तळाशी ती रात्रशाळा होती, जिथे मी अकरा वर्षे गणित शिकवले. तिच्या नावाखाली एका गृहस्थांनी लिहिले होते की ही शाळा अजून कशासाठी चालू ठेवली आहे, अनुदान आणि वीज दोन्ही फुकट जाते. त्यावर सात जणांचे अंगठे पडले होते. ते सातही जण मला रोज जिन्यात भेटतात, नमस्कार करतात.

ते वाचताच मला एका मुलाचे हात आठवले. तो लालबागच्या एका खाणावळीत भांडी घासत असे. सतरा वर्षांचा होता. वर्गात येई तेव्हा त्याच्या बोटांची टोके पाण्याने पांढरी पडून सुरकुतलेली असत, आणि पेन धरण्याआधी तो ती पँटला पुसून घेई. शाळा साडेसहाला भरायची आणि मालक त्याला सातच्या आधी सोडत नसे. पहिला तास माझा. त्यामुळे त्या वर्षी कोणत्याही प्रमेयाचे पक्ष आणि साध्य, म्हणजे काय दिले आहे आणि काय सिद्ध करायचे आहे, हे फळ्यावर लिहिले जाताना त्याने पाहिलेच नाही, कारण तो दारात उभा राही तेव्हा मी सिद्धतेच्या मध्यावर पोहोचलेली असे. मार्चमध्ये त्याला गणितात २७ गुण मिळाले. त्या वर्षीच्या यादीतही आमची शाळा तळाशी होती आणि त्या तळात या मुलाचे २७ गुण होते.

टक्केवारी वाचणाऱ्यांनी एकदा आमचे हजेरीपत्रक वाचावे. एकेकाळी या बाकांवर गिरणीतली माणसे बसत, कोकणातून आणि घाटावरून आलेली, पाळी संपवून थेट वर्गात येणारी. १९८२ च्या संपानंतर गिरण्यांची धुराडी थंडावली आणि बाकांवरची माणसे बदलली. माझ्या वर्गात चौतीस वर्षांच्या, चार घरची धुणीभांडी करणाऱ्या बाई आणि कुरिअर वाटणारा सोळा वर्षांचा मुलगा शेजारी बसत. काहींच्या घरी भोजपुरी बोलत आणि ती मुले मराठी माध्यमातून परीक्षा देत. दिवसा त्याच इमारतीत प्राथमिक शाळा भरत असल्यामुळे बाक लहान मुलांच्या मापाचे होते, मोठ्या माणसांचे गुडघे त्यांत मावत नसत. प्रयोगशाळेला बहुतेक वेळा कुलूप असे. शालेय पोषण आहार आठवीपर्यंतच, म्हणजे आमची नववी-दहावी उपाशीपोटीच बसायची. शिक्षण हक्काचा कायदाही चौदाव्या वर्षी संपतो, आणि आमच्याकडे माणसे येत ती बहुतेक त्यानंतरच.

आणि आता जे लिहिते आहे ते रागाने लिहिते आहे, ते तसेच राहू द्या. दरवर्षी जूनमध्ये आमच्याकडे अशी मुले येत, ज्यांना दिवसाच्या शाळेने नववीतच सांगितलेले असे की दाखला घेऊन जा, नाहीतर बाहेरून परीक्षेला बसण्याचा सतरा नंबरचा फॉर्म भर. शंभर टक्के निकाल अशाही रीतीने लागतो. कच्ची मुले दहावीच्या उंबरठ्यावरून बाहेर काढायची, ती आम्ही आत घ्यायची, आणि मे महिन्यात दोन्ही शाळांची नावे एकाच यादीत मांडून आम्हाला लाज वाटायला लावायची! या यादीचा माथा आणि तळ एकमेकांना किती घट्ट बांधलेले आहेत, हे त्या सात जणांना कुणी कधी सांगितलेले नाही.

टक्केवारी म्हणजे काय, हे आपण २०१९ मध्ये पाहिले आहे. त्या वर्षी भाषा आणि सामाजिक शास्त्रांचे अंतर्गत मूल्यमापनाचे वीस गुण काढून टाकले, आणि ८९.४१ टक्क्यांवर असलेला राज्याचा निकाल ७७.१० वर आला. पुढच्या वर्षी ते गुण परत दिले आणि निकाल ९५.३० झाला. मुले एका वर्षात मूर्ख होऊन दुसऱ्या वर्षी शहाणी झाली नव्हती.

मान्य करते, सगळा दोष परिस्थितीचा नाही. काही ठिकाणी पटावरची नावे कागदावरच असत, आणि दिवसभर दुसऱ्या शाळेत शिकवून आलेले काही शिक्षक खुर्चीत बसून तास काढत. २०१७ मध्ये शासनाने अशा दुबार नोकरीवर बोट ठेवले, ते अगदीच अकारण नव्हते. पण त्या एका फटक्यात वर्षानुवर्षे जीव ओतून शिकवणारे शिक्षकही गेले आणि कित्येक वर्ग ओस पडले, हेही तितकेच खरे आहे.

पुन्हा त्या मुलाकडे येते, कारण संध्याकाळपासून तो डोळ्यांसमोरून हलत नाही. जुलैच्या पुरवणी परीक्षेत तो पुन्हा नापास झाला, २९ गुण. मला वाटले, आता हा येणार नाही. जूनमध्ये खाणावळ बदलली होती, तरी तो आला, पुन्हा सातलाच. तेव्हा कुठे मला सुचायला हवे होते ते सुचले. फळ्याच्या डाव्या कोपऱ्यात पक्ष आणि साध्य मी तास संपेपर्यंत पुसायचे नाही, असे ठरवले. तो येई, बोटे पुसे आणि आधी तो कोपरा वहीत उतरवून घेई. पुढच्या मार्चमध्ये त्याला गणितात ४१ गुण मिळाले. पेढे आणायला त्याच्याकडे पैसे नव्हते, म्हणून त्याने खाणावळीतून डब्यात शिरा आणला आणि आम्ही सर्वांनी तो पेपरच्या तुकड्यांवर खाल्ला.

त्या वर्षीच्या यादीत तो कुठेच नव्हता. गटांवर फिरणारी टक्केवारी नियमित विद्यार्थ्यांची असते, पुनर्परीक्षार्थींचा आकडा मंडळ वेगळा देते आणि तो कुणी पुढे पाठवत नाही. नापास झाला तेव्हा त्याने शाळेचा निकाल खाली ओढला, पास झाला तेव्हा तो हिशेबातच नव्हता.

१८५५ मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी पुण्यात शेतकऱ्यामजुरांसाठी रात्रीची शाळा काढली, तेव्हा त्यांनी कोणत्या निकालाचा विचार केला असेल, असे त्या गृहस्थांना विचारावेसे वाटले. विचारले नाही. गटावर मी एवढेच लिहिले की जूनमध्ये रात्रशाळांचे प्रवेश सुरू होतात. आपल्या इमारतीत कामाला येणाऱ्या ज्या ताईंची, वॉचमनची किंवा दुकानातल्या मुलाची शाळा आठवी-नववीत सुटली असेल, त्यांना माझा नंबर द्या, फॉर्म मी भरून देईन. आणि त्यांनी प्रवेश घेतला, तर त्यांना संध्याकाळी सातला नको, सहाला सोडा.