झाडाची किंमत ऑक्सिजनच्या सिलिंडरवर काढू नका

परवा बाबांनी एक कागद वाचायला दिला. ते रोज फिरायला जातात त्या बागेतली काही जुनी झाडं पार्किंगसाठी काढायचं घाटतंय, त्याविरुद्ध हरकतीचं पत्र लिहिलंय त्यांनी, आणि पत्राचा सगळा भार टाकलाय व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या एका मेसेजवर. तुम्हालाही आला असेल. एक झाड आयुष्यभरात कोट्यवधींचा ऑक्सिजन देतं, एक कोवळं झाड म्हणजे रोज वीस तास चालणारे दहा एसी, बागेमुळे शहराचं प्रदूषण निम्मं होतं, काही झाडं रात्रीसुद्धा ऑक्सिजन सोडतात, आठवड्याला दोन तास बागेत बसा आणि औषधं बंद करा. आणि शेवटी, झाड तोडावंच लागलं तर दहा रोपं लावा, हिशेब फिटला.

बाबांची तळमळ खरी आहे, म्हणून तर माझा जीव जास्त तुटला. हे असं पत्र दिलं तर समोरचा कोणीही जाणकार दोन मिनिटांत ते खोडून काढेल आणि झाडं जातील.

आधी ऑक्सिजन. मेसेजची रीत अशी की झाड वर्षाला इतका ऑक्सिजन देतं, तेवढे सिलिंडर विकत घ्यायचे तर इतके पैसे, गुणिले झाडाचं वय. अहो पण सिलिंडरमधला ऑक्सिजन येतो कुठून? हवेतूनच काढतात ना तो! वेगळा करायचा, दाबून भरायचा, नेऊन पोचवायचा, त्या खटाटोपाचे पैसे असतात ते. नुसत्या हवेत जवळपास २१ टक्के ऑक्सिजन फुकट पडलाय, आणि जे अफाट आहे त्याची थोडीशी भर पडली तर तिला बाजारभाव कसा लावणार?

हे मी मनाचं सांगत नाहीये. शहरातली झाडं मोजण्याच्या कामात मोठं नाव असलेले अमेरिकेच्या वनसेवेत काम केलेले डेव्हिड नोवाक आणि त्यांचे सहकारी, यांचा २००७ चा पेपर नेमका याच विषयावर आहे. तिथल्या सगळ्या शहरी झाडांचा मिळून वर्षाला सुमारे ६.१ कोटी टन ऑक्सिजन निघतो, म्हणजे देशातल्या दोन तृतीयांश लोकांच्या श्वासाला पुरेल इतका, आणि तरी त्याच पेपरात ते सरळ म्हणतात की हा फायदा नगण्य आहे, कारण वातावरणातला साठाच प्रचंड आहे. तो साठा साधारण १,२०० लाख कोटी टन. भागाकार करून बघा, त्या सगळ्या झाडांना तेवढा ऑक्सिजन बनवायला दोनेक कोटी वर्षं लागतील.

बरं, आकडा चुकला एवढ्यावर भागत नाही. झाडाचा निव्वळ ऑक्सिजन मोजतात तो त्याने वाढीत किती कार्बन साठवला यावरून, कारण गळलेली पानं आणि मेलेलं लाकूड कुजताना तो ऑक्सिजन परत खातात. म्हणजे ज्या जुन्या झाडाची वाढ मंदावलीय, वाढ आणि कूज जवळपास सारखी झालीय, त्याचा हिशेब येतो शून्याच्या आसपास! ऑक्सिजनवर किंमत ठरवली तर सगळ्यात आधी जुनी झाडंच बिनकामाची ठरतात. आणि बाबा वाचवायला निघालेत ती नेमकी जुनीच झाडं.

त्यातून येतं ते दहा रोपांचं वाक्य, माझा खरा राग त्याच्यावर आहे. सावली मोजा ना साधी. फांद्यांचा घेर १० मीटर व्यासाचा असलेल्या झाडाखाली साधारण ७८ चौरस मीटर सावली पडते. अर्धा मीटर व्यासाच्या रोपाखाली ०.२ सुद्धा नाही. दहा रोपांची मिळून दोन. बरोबरी करायची तर आज ४०० रोपं पाहिजेत, तीही सगळी जगली पाहिजेत, आणि एवढं करूनही त्यांच्याखाली बाक टाकून बसता येणार नाही. बाबांच्या बागेत दोन लोखंडी बाक आहेत, एक उन्हात, एक मोठ्या झाडाखाली. दुपारी उन्हातल्यावर हात टेकवत नाही आणि सावलीतल्यावर माणसं वर्तमानपत्र वाचत बसलेली असतात. ही सावली मोजा, ही खरी आहे.

दहा एसींचं म्हणाल तर त्यात अर्धं सत्य आहे, ते मान्य करायलाच हवं. पानांतून पाणी वाफ होऊन जातं तेव्हा हवेतली उष्णता घेऊन जातं, एका लिटरला साधारण ०.६८ युनिट विजेइतकी. पण दहा एसी वीस तास, खोलीतून तासाला प्रत्येकी साडेतीन युनिट उष्णता उपसणारे, म्हणजे रोज ७०० युनिट, म्हणजे झाडाने रोज हजार लिटरच्या वर पाणी उडवायला हवं. मेसेजमधल्या कोवळ्या झाडाला हे कसं जमावं? जगभरातल्या अभ्यासांची २०१० साली जी एकत्र तपासणी झाली तिच्यात बाग दिवसा सरासरी एकाच अंशाने थंड निघाली, ०.९४. मला तर हा एक अंशही खूप वाटतो, उकाड्यात ज्याने दिवस काढलाय त्याला विचारा.

प्रदूषण निम्मं वगैरे सोडा. नोवाक यांच्याच २००६ च्या कामात झाडांमुळे शहराच्या हवेत झालेली सुधारणा बहुतेक ठिकाणी एक टक्क्याच्या आत आहे. रात्री ऑक्सिजन? उजेड नाही तर ऑक्सिजन नाही, कुठलंही झाड घ्या. काही वनस्पती रात्री कार्बन डायऑक्साइड आत घेतात एवढंच खरं. दोन तासांची गोष्ट २०१९ च्या इंग्लंडमधल्या सुमारे २०,००० लोकांच्या पाहणीतून आलीय, आठवड्याला १२० मिनिटं निसर्गात घालवणाऱ्यांनी आपली तब्येत चांगली असल्याचं जास्त सांगितलं. पण मुळात धडधाकट माणूसच बागेत जास्त जातो हेही असू शकतं, आणि औषधं बंद करा असं त्यात कुठेही नाही. बाबा बीपीची गोळी घेतात, म्हणून हे वाक्य वाचून मला धस्स झालं.

मग पत्रात लिहायचं काय? जे मोजता येतं ते. एक एकर मोकळ्या मातीवर ५० मिलिमीटर पाऊस पडला तर दोन लाख लिटर पाणी झालं, त्यातलं माती जेवढं पिते तेवढं गटारावर येत नाही, फरसबंदी पार्किंगवरून जवळपास सगळं वाहून जाईल. आणि बागेत माणसं किती येतात, किती लांबून, किती वेळ बसतात, लोक तिथे यायला स्वतःचा वेळ आणि पैसा खर्च करतात त्यावरूनही बागेची किंमत काढायची पद्धत आहे, अर्थशास्त्रात ती कित्येक दशकं चालत आलीय. त्याला मेसेज लागत नाही, वही लागते.

बाबा थोडे रुसले आधी. मग ऑक्सिजनचा परिच्छेद त्यांनी स्वतःच खोडला. आज सकाळी टेप घेऊन गेले होते, झाडांच्या बुंध्यांचे घेर छातीच्या उंचीवर मोजून आणलेत, आणि सहा ते आठ कोण कोण आलं त्याच्या रेघा मारल्यात वहीत. आत्ता विचारत होते, बाबागाडीतलं बाळ मोजायचं का. मी म्हटलं, मोजा.