गोळ्या नकोत, फक्त डबा द्या

अ‍ॅमो कॅन म्हणजे अमेरिकन सैन्याचा बंदुकीच्या गोळ्या ठेवायचा हिरवा पत्र्याचा डबा. हा डबा रिकामा, सेकंडहँड आणि खिशाला परवडेल अशा भावात मिळवणं हे काय दिव्य आहे ते फक्त जिओकॅशिंग करणाऱ्यांनाच कळतं. बाकीच्यांना आधी जिओकॅशिंग म्हणजे काय इथपासून सुरुवात करावी लागते, की बाबा एकाने रानात डबा लपवायचा, त्याचे अक्षांश-रेखांश वेबसाइटवर टाकायचे, दुसऱ्यांनी जीपीएस घेऊन काट्याकुट्यातून तो शोधायचा, आतल्या वहीत नाव लिहायचं आणि डबा होता तिथेच ठेवून घरी यायचं. एवढं ऐकल्यावर समोरचा जरा वेळ गप्प बसतो आणि मग विचारतो, "बरं, पण मिळतं काय?" काही नाही मिळत. कधीकधी प्लास्टिकचा डायनोसॉर मिळतो, तोही घ्यायचा असेल तर बदल्यात आपलं काहीतरी ठेवायचं असतं.

हे सगळं सुरू झालं 2000 साली. 2 मेला अमेरिकेने नागरी जीपीएसची अचूकता कमी करायला मुद्दाम घातलेली गडबड बंद केली आणि दुसऱ्याच दिवशी डेव्ह उल्मर नावाच्या माणसाने ओरेगनमधे बीव्हरक्रीकजवळ पहिला ऐवज लपवला. तो होता काळ्या प्लास्टिकच्या बादलीत, आणि आत होती पुस्तकं, गलोल, बीन्सचा एक कॅन वगैरे. बादली! म्हणजे या खेळाच्या जनकाला कंटेनरसाठी वणवण करावीच लागली नाही, ती आमच्या नशिबी आली.

तुम्ही म्हणाल प्लास्टिकचा डबा ठेवा ना मग. ठेवून बघा. उन्हाने तो तडकतो, खारी त्याचे कोपरे कुरतडतात, झाकणाची एक कडी तुटली की पाऊस आत, आणि पुढच्या माणसाला वहीच्या जागी करडा लगदा मिळतो ज्यावर सही करायला पेन नाही, चमचा लागेल. कॅमेऱ्याच्या फिल्मच्या डबीत पाणी शिरू शकतं पण वही शिरत नाही, बोटाएवढ्या सुरळीवर लोक मुंगीच्या अक्षरात सह्या करतात. अ‍ॅमो कॅन म्हणजे जाड पोलाद, झाकणात रबराचं गॅस्केट, म्हणजे फट बंद करणारी पट्टी, आणि पुढे अशी दणकट कडी की दाबली की खाटकन बसते आणि झाकण खाली आवळलं जातं. बर्फ पडो, पाला साचो, आतली वही कोरडी. यात दोन साइज मुख्य (कॅलिबर म्हणजे गोळीची जाडी), 30 कॅलिबरचा अरुंद आणि 50 कॅलिबरचा रुंद. दोन्ही साधारण 11 इंच लांब, 7 इंच उंच. रुंदवाला रिकामाच दोन किलोच्या वर भरतो, पण त्यात वही, पेन्सिल, डायनोसॉरचं अख्खं कुटुंब सगळं मावतं म्हणून मला तोच हवा असतो.

पण तो सगळ्यांनाच हवा असतो हो! प्रलयाची तयारी करणाऱ्यांना त्यात काडेपेट्या आणि बॅटऱ्या ठेवायच्या असतात, मोटरसायकलवाल्यांना तो मागे लटकवायचा असतो, कोणी त्यात स्पीकर बसवतं, कोणी गॅरेजमधे पाने-स्क्रू भरून फळीवर रांग लावतं. ग्रँड कॅन्यनमधे नदीतून राफ्टिंग करणाऱ्यांनी तर कहर केला. तिथे आपली घाण आपणच बाहेर न्यायची असा नियम, तर हे लोक मोठे अ‍ॅमो कॅन शौचालय म्हणून न्यायचे आणि वर सीट न लावता थेट पत्र्याच्या कडांवर बसायचे, त्यामुळे बसणाऱ्याच्या अंगावर दोन समांतर खाचा उमटायच्या. म्हणजे मागणी कुठल्या कुठल्या बाजूने येते बघा आणि भाव का उतरत नाहीत ते समजून घ्या.

ऑनलाइन डबा स्वस्त दिसतो. दिसतोच फक्त. पोलादाचा डबा कुरियरने मागवायचा म्हणजे शिपिंगचा आकडा डब्याच्या आकड्याला मागे टाकतो. सरकारी लिलावात खरंच स्वस्त असतात पण तिथे एक-दोन देत नाहीत, लाकडी फळ्यांवर रचलेली अख्खी थप्पी, म्हणजे पॅलेट, घ्या आणि स्वतः ट्रक घेऊन या. बरं, नवेकोरे चकचकीत डबेही मिळतात, सैन्याच्या डब्याची नक्कल केलेले. दुरून अगदी तसेच, पण हातात घेतला की पत्रा बोटाने दबतो आणि कडी लावताना झाकण एका बाजूने किंचित उचललेलं राहतं. मला विचाराल तर नव्या नकलेपेक्षा पोचे आलेला जुना डबा कधीही बरा.

म्हणून मग गन शो, म्हणजे बंदुकांचा बाजार. मी आयुष्यात बंदूक हातात धरलेली नाही आणि शनिवारी सकाळी टेबलांच्या रांगांमधून रिकामे डबे शोधत फिरत होते. एका आजोबांच्या टेबलाखाली थप्पी दिसली. विचारलं, रिकामे विकता का? ते म्हणाले, कुठल्या कॅलिबरसाठी हवेत? म्हटलं, वहीसाठी. त्यांनी कानातलं मशीन जरा नीट केलं. मग मी जिओकॅशिंगचं सगळं पुराण सांगितलं, ते शांतपणे ऐकून त्यांनी मला व्यवहार समजावला, की नुसता डबा वीस डॉलर, पण भरलेला घेतला तर डब्याचे पैसे नाहीत. "आणि गोळ्यांचं काय करू?" तर म्हणाले, तो तुमचा प्रश्न. तसं बघता त्यांचंही बरोबरच होतं.

वीस तर वीस, पण पारखून घ्यायचा. झाकण उघडून आधी गॅस्केटवर बोट फिरवायचं, कडक झालंय का, कुठे चीर आहे का. मग कागदाची पट्टी झाकणात धरून कडी लावायची आणि पट्टी ओढायची, अलगद निघून आली तर डबा मेला. असं चारही बाजूंनी. बुडाला गंज बघायचा. आजोबा हे सगळं बघत होते, बहुतेक त्यांच्याकडे बंदूकसुद्धा एवढी पारखून कोणी घेत नसावं. घरी आणल्यावर बाथटबमधे शेवटची परीक्षा असते, आत टिश्यू पेपर ठेवून डबा पाण्याखाली धरायचा, फक्त तो हवेने भरलेला असल्यामुळे बुडायला अजिबात तयार नसतो आणि त्याच्यावर गुडघा रोवून बुडबुडे येतात का बघत बसावं लागतं.

यातून पास झाला तरी रंगकाम उरतंच. डब्याच्या अंगावर पिवळ्या ठळक अक्षरात लिहिलेलं असतं, 840 काडतुसं, 5.56 मिलिमीटर. हे असं झाडाच्या बुंध्याशी सोडून येता येत नाही, सैन्याच्या खुणा पुसायच्या किंवा झाकायच्या आणि हा जिओकॅश आहे असं ठळक लिहायचं. ते योग्यच आहे म्हणा. 2011 मधे इंग्लंडमधे वेदरबीला एका साध्यासुध्या जिओकॅशसाठी बॉम्बपथक आलं आणि त्यांनी तो उडवूनच दिला, आणि तो तर प्लास्टिकचा होता. पण ती पिवळी अक्षरं सैन्याने कुठल्या रंगाने छापलीत देव जाणे, सॅंडपेपर संपतो, अक्षरं संपत नाहीत. वर रंगाचे दोन हात दिले तरी तिरप्या उन्हात 840 वाचता येतंच.

शेवटी घबाड लागलं ते गॅरेज सेलमधे, म्हणजे घरातलं जुनं सामान दारात मांडून विकतात तिथे. एका रिटायर्ड माणसाला घर रिकामं करायचं होतं, त्याच्याकडे आठ डबे, सगळे खरे, सगळे रुंद, पाच डॉलरला एक. मी घासाघीस केलीच नाही, त्याचं मन बदलायच्या आत गाडीत भरले. झाकणं बिजागरीतून सरकवून सुटी होतात, त्यामुळे एखाद्याचं गॅस्केट गेलेलं असलं तरी दुसऱ्याचं झाकण बसवता येतं, तसं करून मी सहा अगदी फर्स्टक्लास जमवले आणि रंगवायचे म्हणून गॅरेजमधे ठेवून दिले.

पुढच्या शनिवारी बघते तर दोनच. बाकीच्या चारातले तीन भिंतीला फळीवर ओळीने, एकात ड्रिलची पाती, एकात स्क्रू, एकात वायरी, आणि चौथा नवऱ्याच्या हातात.

"अगं, काय भारी गॅस्केट आहे याचं," तो म्हणाला, "अजून कुठे मिळतील का गं?"