संकासुराची हजेरी

"सिनेमाचा पेपर? मग काय, मुलांची मज्जाच!" स्टाफरूममध्ये हे वाक्य ऐकलं की पूर्वी मी भांडायचे. आता चहा संपवते आणि वर्गावर जाते. आज मात्र लिहितेच, कारण पुढच्या वर्षी हा पेपर ठेवायचा की काढायचा याची चर्चा आमच्याकडे पुन्हा सुरू झाली आहे आणि ती बरीचशी न बघता, न वाचता चालली आहे.

साहित्य, सिनेमा आणि लोकप्रिय संस्कृती असं लांबलचक नाव असलेला हा पेपर मी सिंधुदुर्गातल्या एका छोट्या कॉलेजात शिकवते. वर्गात सव्वीस मुलं. प्रोजेक्टर एक, तोही सायन्सवाल्यांशी वाटून घ्यायचा. श्रावणात वीज गेली की सिनेमा तिथेच थांबतो आणि उरलेला तास मी 'पुढे काय होईल ते लिहा' म्हणून काढते. (हा शिकवण्याचा सर्वात यशस्वी प्रकार निघाला. त्याचं श्रेय महावितरणला.)

मला एवढंच म्हणायचं आहे की हा पेपर सोपा नाही. माझ्या मते बी. ए.ला याच्याइतका अवघड पेपर दुसरा नाही. ज्ञानेश्वरीची ओवी समोर ठेवली की पोराला ठाऊक असतं, आपल्याला हे कळत नाही, विचारावं लागणार. 'तुंबाड' सिनेमा समोर ठेवला की त्याला वाटतं आपल्याला सगळं ठाऊक आहे, तीनदा बघितलाय, एकदा तर 2024 ला पुन्हा लागला तेव्हा थिएटरात. त्याला आता काय शिकवणार?

तर 'तुंबाड'चंच सांगते. पहिल्या वर्षी एका मुलीने उत्तरपत्रिकेत लिहिलं, 'हस्तर ही कोकणातील प्राचीन देवता आहे.' पुराणात हस्तर नाही, कोकणातही नाही, तो सिनेमावाल्यांनी घडवलेला आहे. मी लाल पेनाने फुली मारली नाही. पुढच्या तासाला विचारलं, हे कुणाकुणाला खरं वाटलं? चौदा हात वर. मग का वाटलं यावर दोन तास गेले. सुरुवातीचं ते आजीने गोष्ट सांगावी तसं निवेदन, पाऊस, वाडा, आणि मुख्य म्हणजे आपल्या घरोघरी असलेली राखणदाराची, देवचाराची, म्हणजे गाव राखणाऱ्या अदृश्य शक्तींची, सवय. आपण आधीच अर्धे तयार होतो, सिनेमाने फक्त उरलेलं अर्धं भरलं. हे पोरांचं पोरांनीच शोधून काढलं.

मग श्री. ना. पेंडशांचं 'तुंबाडचे खोत' काढलं. दोन खंड, 1987 चं पुस्तक. खोत म्हणजे कोकणात कुळांकडून सारा वसूल करणारा. सिनेमाने त्यातून नाव घेतलं, गोष्ट नाही. पुस्तकाचा आकार बघून अर्धा वर्ग गार झाला. मी चाळीस पानं वाचायला सांगितली आणि एक प्रश्न दिला: घरी जाऊन विचारा, आपल्या गावचा खोत कोण होता? पुढच्या आठवड्यात वर्गात जे आलं ते कुठल्या गाईडात नाही. कुणाचं घर खोताचं, कुणाचं कुळाचं, आणि दोघं एकाच बाकावर. बाबासाहेब आंबेडकरांनी 1937 साली मुंबईच्या कायदेमंडळात खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं होतं, कायदा व्हायला 1949 उजाडलं, हे सांगताना त्या दिवशी मला फळ्याची गरज पडली नाही. सिनेमातला हव्यास आणि दोन खंडांतली जमीन यांची गाठ त्यांची त्यांनी घातली. एकाने विचारलं, "मॅडम, सिनेमातल्या त्या वाड्यात कुळं का नाय दिसत?" सव्वीसजणांत एकाला हा प्रश्न पडला तरी माझा महिना वसूल.

उलटा प्रयोग 'कोंडुरा' या कादंबरीचा. चिं. त्र्यं. खानोलकर वेंगुर्ल्याचे, कोंडुरा आमच्या मुलांच्या जाण्यायेण्यातली जागा, तिथे सेल्फी काढलेली. श्याम बेनेगलांनी 1978 साली सिनेमा केला तो आंध्रात, तेलुगूतही केला, 'अनुग्रहम' नावाने. मुलांनी दहा मिनिटं बघितलं आणि मागून आवाज, "ह्यो आमचो गाव न्हय." हशा. पण मग बसून यादी केली: गाव उचलून दुसरीकडे ठेवला तर गोष्टीतलं काय सोबत गेलं आणि काय मागे राहिलं? श्रद्धा सोबत गेली, भीती सोबत गेली, बाईच्या वाट्याला येणारं ओझं तर बरोबर गेलंच. मागे राहिली ती भाषा.

भाषेवरून आमच्या वर्गात दरवर्षी भांडण होतं आणि मी ते होऊ देते. 'रात्रीस खेळ चाले' 2016 ला आली तेव्हा ही मुलं शाळेत होती. मालिकेतला आकेरीचा तो वाडा बघायला बाहेरच्या गाड्या यायला लागल्या, ते त्यांना चांगलं आठवतं. सावंतवाडीकडचे म्हणतात मालिकेतली मालवणी खोटी, मालवणकडचे म्हणतात तुमचीच खोटी. हे झाल्यावर मी विचारते, आपली बोली पडद्यावर, रंगभूमीवर कधी येते ते सांगा. 'वस्त्रहरण' येतं. गंगाराम गवाणकरांचं लेखन आणि मच्छिंद्र कांबळींनी त्या नाटकाला दिलेलं आयुष्य, ते पार लंडनपर्यंत गेलं, त्याचा मला अभिमानच आहे. मालिका येते. म्हणजे मालवणी हसवायला येते आणि घाबरवायला येते. प्रेम करायला? कोर्टात बाजू मांडायला? पोटचं पोर आजारी असताना डॉक्टरशी बोलायला? वर्ग गप्प होतो. 2025 च्या 'दशावतार' सिनेमाचं नाव कुणीतरी घेतंच, दिलीप प्रभावळकरांचा तो म्हातारा दशावतारी, म्हणजे आमच्या जत्रांत रात्रभर रंगणाऱ्या लोकनाट्याचा नट. मान्य. पण एका हाताच्या बोटांवर मावतील एवढीच नावं आली.

इथे मला माझ्याच लोकांबद्दल बोलायला हवं. मालवणीला हसण्यावारी नेणारा प्रमाणभाषेचा हा धाक बाहेरून आला असं मी बरीच वर्षं शिकवत होते. तो भोपळा एका पोराने फोडला. हा पोरगा माझ्या सकाळच्या तासाला झोपायचा. तुळशीचं लग्न झालं की गैरहजर, नाहीतर हजर आणि घोरतोय. हजेरी पंचावन्न टक्के, लागते पंच्याहत्तर. ऑफिसात बोलावलं तर कळलं, दशावतारी कंपनीत आहे, जत्रांचा हंगाम सुरू आहे, पहाटे पाचला नाटक संपवून टेम्पोतून पेटाऱ्यांवर बसून येतो आणि आठच्या तासाला बसतो. मी म्हटलं, मग तूच एक तास घे. संहिता आण, वाचू.

"संहिता? ती खंय आसता मॅडम? मालक आख्यान सांगतत, तोंड रंगवता रंगवता आमी ऐकतव. मगे ज्येचा त्येना बोलाचा."

मी पुस्तकांतून वाचलेलं होतं हे. पण वर्गात उभं राहून त्याने करून दाखवलं ते वेगळं. सहकलाकार म्हणून एका मित्राला उठवलं, अर्ध्या मिनिटात प्रसंग सांगितला, आणि राजाचं बोलणं सुरू केलं. अस्खलित, संस्कृतप्रचुर, 'हे प्रधानजी' वगैरे. ज्या पोराने माझ्याशी वर्षभरात चार वाक्यं प्रमाण मराठीत धड बोलली नव्हती तो! मग सेवक झाला तेव्हा मालवणी. मुली हसल्या. तोच थांबून म्हणाला, बघितलंत? राजा बोलला तेव्हा कोण हसला नाय.

म्हणजे देवराजे प्रमाणात आणि दशावतारातला विनोदी राक्षस संकासुर मालवणीत ही वाटणी पुण्यामुंबईने केलेली नाही, आमच्या देवळापुढच्या मांडावरच ती होती. माझ्या जुन्या नोट्स त्या दिवशी बाद झाल्या.

आता हे सगळं विद्यापीठाच्या चौकटीत बसवायचं कसं? अभ्यासक्रमाला संदर्भग्रंथ लागतात, दशावताराला संहिता नाही. परीक्षेला प्रश्न लागतात, 'दशावताराची वैशिष्ट्ये सांगा' असा प्रश्न काढला की बाजारात दुसऱ्या आठवड्यात उत्तर तयार. सात वैशिष्ट्यं, ठळक अक्षरांत. माझा राग सिनेमावर नाही, रीलवर नाही, मोबाइलवर तर नाहीच. माझा राग त्या सात वैशिष्ट्यांवर आहे. 'रथचक्र' कादंबरी न वाचता त्यावर पाच पानं लिहिणारी मुलं मी तपासली आहेत, पूर्ण मार्क देणारे परीक्षकही बघितले आहेत. जे म्हणतात सिनेमाने वाचन बुडवलं, त्यांनी आधी हे सांगावं की आपण शेवटचं अख्खं पुस्तक वर्गात कधी वाचलं.

आणि हो, आमच्या बाजूचीही चूक आहे. डिसेंबरात पोर्शन संपवून 'चला, आज पिक्चर लावूया' म्हणणारे आम्हीच. पिक्चर लावणं म्हणजे शिकवणं नव्हे. मी 'श्वास' कधीच पूर्ण लावत नाही. नातवाची दृष्टी जाणार हे कळल्यानंतरची पाच मिनिटं लावते, आधी डोळे मिटून ऐकायला लावते, मग आवाज बंद करून बघायला लावते, मग दोन्ही. तीन वेळा पाच मिनिटं, तास संपतो. डोळे मिटून ऐकताना कुणाचं काय होतं ते लिहीत नाही इथे.

त्या पोराने शेवटी प्रोजेक्ट दिला, आख्यान सांगण्याच्या पद्धतीवर, अठरा पानं, हाताने लिहिलेली. देताना विचारलं, "मॅडम, मालवणीत लिवलंय, मार्क कापशात काय?" मी कापले नाहीत. बाहेरच्या परीक्षकांनी काय केलं असतं ते माहीत नाही, इंटर्नल होतं म्हणून निभावलं.

गेल्या आठवड्यात त्यांच्या कंपनीचा दहिकाला, म्हणजे जत्रेतलं दशावतारी नाटक, आमच्या जवळच्या गावात होता. गेले. आडदशावतार, म्हणजे मुख्य आख्यानाआधीचा पूर्वरंग, हल्ली बऱ्याच ठिकाणी उरकतात, इथे देवस्थानच्या आग्रहाने नीट झाला. वेद पळवणारा संकासुर काळ्या कपड्यांत उड्या मारत आला, तो आमचाच. सूत्रधाराशी उलटसुलट बोलताना त्याची नजर तिसऱ्या रांगेतल्या माझ्या खुर्चीवर आली. सूत्रधार वेद परत दे म्हणून दरडावत होता. हा कमरेवर हात ठेवून म्हणाला, "पंच्याहत्तर टक्के हजेरी व्हयी, नायतर वेद गावाचे नाय!"

शेजारची आजी मला विचारत होती, ह्याचा अर्थ काय गो बाय?