घड्याळ फिरवून फास्टॅगमधले पैसे चोरता येत नाहीत

सिग्नलवर काच पुसणारा मुलगा मनगटावरचं स्मार्ट घड्याळ फास्टॅगवरून फिरवतो आणि गाडीमालकाचे पैसे गायब! हा व्हिडिओ जून २०२२ मध्ये पसरला. फास्टॅगचे व्यवहार चालवणाऱ्या एनपीसीआय या संस्थेने तेव्हाच दावा खोटा असल्याचं सांगितलं, तरी नवी गाडी घेतलेल्याला तो आजही कुणीतरी पाठवतंच. म्हणून एकेक मुद्दा पाहू.

‘टॅगमध्ये पैसे असतात.’ नसतात. आत एक चिप आणि अँटेना असतो, बॅटरीसुद्धा नसते. नाक्यावरच्या रीडरच्या रेडिओ लहरींवर चिप जागी होते आणि आपला क्रमांक सांगते. पैसे असतात ते बँकेतल्या खात्यात किंवा वॉलेटमध्ये.

‘घड्याळाने टॅग स्कॅन होतो.’ फास्टॅग चालतो ८६५ मेगाहर्ट्झच्या आसपास, घड्याळातलं एनएफसी, म्हणजे अगदी जवळून पैसे देण्याचं तंत्र, १३.५६ मेगाहर्ट्झवर. दोघांची गाठच पडत नाही.

‘पण खरा रीडर आणला तर?’ हा प्रश्न रास्त आहे. तसा रीडर मिळतो आणि टॅगचा क्रमांक वाचताही येईल. पण नुसत्या क्रमांकावर पैसे निघत नाहीत. नाक्याची मागणी आधी नाक्याच्या बँकेकडे, तिथून एनपीसीआयकडे आणि मग टॅग देणाऱ्या तुमच्या बँकेकडे जाते. या साखळीत नोंदणी झालेले टोलनाके, पार्किंग असे व्यावसायिकच असतात, आणि त्यांच्याही ठरलेल्या आयपी पत्त्यांवरूनच (इंटरनेटवरच्या पत्त्यांवरूनच) मागणी स्वीकारली जाते. एका माणसाकडून दुसऱ्या माणसाकडे पैसे जाण्याची सोयच फास्टॅगमध्ये नाही. तो मुलगा पैसे घेणार तरी कुठे? पोटासाठी काच पुसणाऱ्या पोरांकडे लोक या व्हिडिओमुळे चोर म्हणून बघतात, याचा मला मनापासून राग येतो.

‘मग टॅग काढून खिशात ठेवावा.’ अजिबात नको. काचेला न चिकटवता हातात धरून दाखवलेला टॅग काळ्या यादीत टाकायचं धोरण राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाने (एनएचएआय) जुलै २०२५ मध्ये जाहीर केलं. १५ नोव्हेंबर २०२५ ला लागू झालेल्या नियमानुसार, टॅग चालला नाही तर रोखीने दुप्पट टोल, यूपीआयने सव्वापट.

खरी चोरी होते ती फोनवर. ‘केवायसी अपुरी आहे, टॅग बंद पडेल’ असा मेसेज येतो, खाली लिंक असते. किंवा इंटरनेटवर सापडलेला ग्राहक सेवेचा नंबर बनावट निघतो आणि पलीकडचा माणूस ओटीपी मागतो. तो कुणालाच सांगू नका. टोल चुकीचा किंवा दोनदा कापला गेला, तर टॅग देणाऱ्या बँकेकडे तक्रार करा. राष्ट्रीय महामार्गावर असाल तर १०३३ लावा.