गांजा आणि करिअर: त्या फॉरवर्डला माझं उत्तर

आमच्या नाशिकच्या कॉलेज रोडच्या पोरांच्या ग्रुपवर फिरत फिरत तो मेसेज माझ्या भाच्याकडे आला आणि त्याने मला विचारलं, मामा हे खरंय का. मेसेज असा की स्टीव्ह जॉब्स, इलॉन मस्क, मायकल फेल्प्स सगळ्यांनी गांजा ओढला आणि बघा कुठे पोचले, त्याने डोकं चालतं, सवय लागत नाही, झाडपाला आहे, आपले साधूसुद्धा ओढतात. भाचा बारावीला आहे म्हणून सविस्तर लिहितोय.

आधी ती नावं. जॉब्सने अमेरिकेच्या संरक्षण खात्याला स्वतः सांगितलेलं की गांजा-चरसने रिलॅक्स आणि क्रिएटिव्ह वाटायचं, ते मी नाकारत नाही, पण त्यातच १९७७ नंतर घेतलं नाही असंही आहे आणि ॲपल मोठी झाली ती त्यानंतर. जलतरणपटू फेल्प्सची बीजिंग ऑलिम्पिकची ८ सुवर्णपदकं २००८ ची, गांजाच्या नळीसोबतचा त्याचा फोटो बाहेर आला २००९ ला, आणि मिळालं काय तर ३ महिन्यांची बंदी. मस्कने २०१८ ला पॉडकास्टवर झुरका मारला त्यानंतर नासाने त्याच्या रॉकेट कंपनीची, स्पेसएक्सची, सेफ्टी तपासणी लावली, आणि त्याच्या महिनाभर आधी हाच माणूस मुलाखतीत म्हणाला होता की कामाला याचा उपयोग नाही.

आणि मुळात यादी जिंकलेल्यांचीच काढली तर ती कशाचीही निघेल. मोजायचं तर सुरुवातीपासून मोजावं लागतं, न्यूझीलंडच्या ड्युनेडिनमध्ये तेच केलं, १९७२-७३ ला जन्मलेली हजारभर पोरं ३८ वर्षांची होईपर्यंत बघितली. जे वर्षानुवर्षं आठवड्यातून ४ किंवा जास्त दिवस ओढत राहिले त्यांच्यातले बरेच आईबापापेक्षा खालच्या, कमी पगाराच्या कामात आणि पैशाच्या ओढाताणीत सापडले, घरची परिस्थिती, लहानपणची हुशारी, दारू हे सगळं हिशोबात धरूनही. बुद्ध्यांक (आयक्यू) ८ गुणांनी घसरतो हा आकडाही तिथलाच, पण मी तो वापरणार नाही, कारण पुढे जुळ्या भावंडांवरच्या अभ्यासात तो टिकला नाही.

डोकं चालतं म्हणे. मी अंबड एमआयडीसीत कारखान्याच्या शॉपफ्लोअरवर १४ वर्षं काढली. आमच्याकडे एक पोरगा होता सीएनसीवर, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या कटिंग मशीनवर, हात चांगला, ड्रॉइंग एकदा बघितलं की पाठ. रात्री रूमवर ओढायचा, सकाळी म्हणायचा साहेब उतरलीये. एका सकाळी मशीनला ऑफसेट (मापाची दुरुस्ती) ०.०५ द्यायचा तिथे ०.५ दिला, पहिला पीस मायक्रोमीटरने मोजायचा विसरला आणि ४० पीस भंगारात गेले. गांजामुळेच झालं असं मी छातीठोक नाही म्हणणार, पण नुकतंच ऐकलेलं लक्षात राहणं आणि एका जागी लक्ष टिकणं, यावरच गांजा आधी घाव घालतो आणि आमचं अख्खं काम त्यावरच चालतं. शेवटी तो स्वतःच येईनासा झाला, मला अजून वाईट वाटतं.

सवय लागते. ओढून बघणाऱ्या १०० मधल्या साधारण ९ जणांना लागते आणि सुरुवात शाळा-कॉलेजच्या वयात झाली तर ६ मधल्या एकाला. झाडपाला तर धोत्रापण आहे.

साधूंचं म्हणाल तर सिंहस्थात तपोवनात जाऊन बघा, त्या माणसाने घरदार, पगार, बढती सगळं सोडलंय, करिअरसाठी त्याचा दाखला कसा चालेल?

आणि मेसेजमध्ये कायद्याचा शब्द नाही. एनडीपीएस म्हणजे अमली पदार्थांचा कायदा १९८५ चा, १ किलोच्या आत गांजा जवळ सापडला तरी १ वर्षापर्यंत सक्तमजुरी किंवा १०,००० पर्यंत दंड किंवा दोन्ही. आपल्याकडची पोरं ओझरच्या एचएएलला (विमान कारखान्याला), नोटा छापणाऱ्या नोट प्रेसला, आर्मीला फॉर्म भरतात, तिथे पोलीस व्हेरिफिकेशन असतं, एका पुडीची केस तिथे आडवी येते.

भाच्याला म्हटलं, ज्याने हा मेसेज टाकला त्याला माझं हे पाठव, आणि त्याला स्वतःला सुटत नसेल तर भांडू नकोस त्याच्याशी. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर फुकट आहे, मराठीत बोलतात, आणि त्याच कायद्यात कलम ६४अ आहे, व्यसनी माणूस स्वतःहून उपचाराला गेला तर थोड्या मालाच्या केसमधून त्याला सूट मिळू शकते.