नावं सोडून कसं चालेल?
लैंगिक ओळखींवरच्या तुमच्या लेखातली कळकळ मनापासून आवडली, पण 'लेबलं सोडा, शेवटी आपण सगळे माणूसच' हे म्हणणं मला पटत नाही. मी बायसेक्शुअल आहे, म्हणजे मला स्त्री आणि पुरुष दोघांचंही आकर्षण वाटतं, आणि लग्न पुरुषाशी झालंय. बाहेरच्यांना मी चारचौघींसारखीच दिसते, आणि आपल्या समलिंगी-बायसेक्शुअल लोकांत 'तुला काय, तुझं सगळं सुरळीत आहे' हे ऐकावं लागतं. ही ओळख सोडली तर मी कोण आहे हे सांगायचं तरी कसं?

कायदाही नाव बघूनच चालतो. सर्वोच्च न्यायालयाच्या 2014 च्या नालसा निकालाने ट्रान्स व्यक्तींचा, म्हणजे जन्मावेळी नोंदलेल्या लिंगाहून वेगळी ओळख असलेल्यांचा, आपली लिंगओळख आपण ठरवण्याचा हक्क मान्य केला, तर 2019 च्या ट्रान्सजेंडर व्यक्तींसाठीच्या कायद्याने त्यासाठी जिल्हा दंडाधिकाऱ्यांचं प्रमाणपत्र आणलं. 17 ऑक्टोबर 2023 ला सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाहाला मान्यता नाकारली. त्याच निकालात ट्रान्स स्त्रीचं पुरुषाशी किंवा ट्रान्स पुरुषाचं स्त्रीशी लग्न आजच्या कायद्यात बसतं, असंही सांगितलं. एकाच समूहातल्या लोकांच्या पदरात इतकं वेगळं पडत असेल तर गाऱ्हाणी एकच कशी धरायची?

मला खरा त्रास होतो तो पुरावा मागण्याचा. कुणाबरोबर राहतेस, घरी सांगितलंस का, मोर्चाला कधी आलीस? हे प्रश्न आपणच एकमेकांना विचारतो. मुंबईत 1995 साली 'स्त्री संगम' नावाने सुरू झालेला गट पुढे 'लेबिया' झाला, आणि लेस्बियन व बायसेक्शुअल स्त्रियांबरोबर ट्रान्स व्यक्तींनाही त्यात जागा मिळाली. तालुक्याच्या गावात राहणाऱ्या, लग्न झालेल्या, कुणालाच न सांगितलेल्या बायकांना अशी जागा कुठे आहे? यावर जरूर लिहा.